फोर-के टीव्ही आणि आजीचं उखळ

टीव्ही घ्यायचा की नाही, हा प्रश्न आमच्या घरात तीन आठवडे गाजला. त्या तीन आठवड्यांत मी जितकी हुशार होते तितकी त्याआधी कधी नव्हते, आणि नंतरचं तर विचारूच नका.

सुरुवात आईनेच केली. आई म्हणजे घरासाठी कधी काही न मागणारी बाई. मिक्सर जळला तेव्हासुद्धा तिने आधी पाटावरवंटा धुऊन ठेवला आणि मग दोन दिवसांनी सांगितलं. अशी ही बाई मे महिना संपता संपता एका संध्याकाळी चहाचा कप हातात धरून म्हणाली, "काय ग, मोठा टीव्ही असला तर हे नीट दिसेल का?"

'हे' म्हणजे तिच्या मोबाईलमधला चौदा सेकंदांचा व्हिडिओ. माझा मामेभाऊ लग्नांचे व्हिडिओ काढतो, त्याच्याकडे ड्रोन आहे. एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट करायला तो बदलापूरमागच्या डोंगरातल्या धरणावर गेला होता. यंदा पाणी इतकं आटलं की धरणाची उंची वाढवली तेव्हा बुडालेल्या गावातली जोती वर आली. लाल झग्यातली मुलगी आणि पांढऱ्या कोटातला मुलगा भेगाळलेल्या मातीवरून हातात हात घालून चालताहेत आणि त्यांच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, एका घराचं जोतं. मामेभावाने तो तुकडा घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आत्या, बघ तुझं घर!"

आईने बघितलं. चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. दोन बोटांनी ताणून मोठं करायला गेली तर जोत्याचे चौकोन चौकोन झाले. "पडवीत उखळ हाय का बघ," ती मला म्हणाली. एरवी आई माझ्यासारखंच बोलते, पण माहेरचा विषय निघाला की तिच्या 'आहे'चं 'हाय' होतं. मला एक करडा ठिपका दिसला. उखळ असेल, दगड असेल, कोणाची चप्पलही असेल.

त्या उखळाचं सांगायला हवं. आजीच्या घराच्या मागच्या पडवीत जमिनीत पुरलेलं ते दगडी उखळ होतं. आईने आयुष्यातलं पहिलं मुसळ तिथे उचललं. गाव उठलं तेव्हा मामाने कौलं काढून आणली, वासे आणले, देव आणले. उखळ मात्र निघालं नाही, आणि आई घर शेवटचं बघायलाही गेली नाही. कारण मी. त्याच आठवड्यात मला डेंग्यू झाला होता आणि आई अंबरनाथच्या दवाखान्यात माझ्या उशाशी बसली होती. ती हे कधी बोलून दाखवत नाही. न बोलण्याचा त्रास बोलण्यापेक्षा जास्त होतो, हे ज्यांना आई आहे त्यांना सांगायला नको. तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो आणि नळाला त्याच धरणाचं पाणी यायचं. आई बादली भरताना म्हणायची, "माहेरचं पाणी हाय, सांडू नका." आम्ही हसायचो.

तर आईने मोठ्या टीव्हीचं विचारलं आणि मी अक्षरशः उडालेच. मला वाटलं, एक वर्षानुवर्षांचं ओझं उतरवायची संधी आली, आणि तीही सेलच्या दिवसांत! मी रोज ऑफिसमधून आले की रिव्ह्यू बघायला बसायचे. पॅनेल कोणतं, उजेड किती, स्वस्तातल्या फोर-केमध्ये काळा रंग राखाडी दिसतो का, हे मला पाठ झालं. भाजी चिरताना मी आईला पिक्सेल समजावून सांगितले. साध्या फुल एचडीपेक्षा चौपट, म्हटलं. ती म्हणाली, "चौपट म्हणजे उखळ दिसेल ना?" मी म्हटलं, "उखळ काय, उखळातली मुंगी दिसेल." असलं बोलायची मला सवय आहे आणि तिची फळंही मी भोगते.

विरोधी पक्षात बाबा होते. बाबांनी अंबरनाथच्या लष्करी सामानाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. तिथे त्यांच्या हातात एक पोलादी दांडी असायची, दोन टोकांची. तयार मालाच्या भोकात तिचं एक टोक सहज जायला हवं, दुसरं अजिबात जाता कामा नये. पहिल्या टोकाला म्हणायचे 'गो', दुसऱ्याला 'नो-गो'. मधलं काही नाही. निवृत्त झाल्यावर दांडी कारखान्यात राहिली, पण बाबा तिच्यासकट घरी आले. भाजीवाल्याची भेंडी गो, बहिणीच्या नवऱ्याची नोकरी गो, माझं लग्न न करणं नो-गो.

"स्वस्तातला फोर-के म्हणजे नुसतं स्टिकर," ते म्हणाले. "दुकानदाराचं उखळ पांढरं होईल, तुझ्या आईचं दिसणार नाही."

"बाबा, तुम्ही एकही रिव्ह्यू वाचला नाहीये."

"रिव्ह्यू म्हणजे माल विकणाऱ्याने माल तपासणं. आम्ही असलं चालवून घेतलं असतं तर देशाचं काय झालं असतं?"

देश मध्ये आल्यावर मी कांदा चिरायला घेतला. शेवटी बाबांनीच कसोटी ठरवली. व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्यायचा, दुकानात जायचं, आपल्या हॉलमध्ये सोफ्यापासून भिंत जितकी लांब आहे तितक्याच लांबून बघायचा. उखळ दिसलं तर गो. नाही दिसलं तर नो-गो, आणि मग दिवाळीपर्यंत या घरात टीव्हीचा ट काढायचा नाही. त्या अंतराची त्यांनी सुतळी कापली, गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

मग भिंतीवर किती उंच लावायचा यावरून अर्धा दिवस गेला. आता आम्ही बदलापूरला, नदीकाठच्या मांजर्लीत राहतो; पुरात सोसायटीत पाणी शिरलं तेव्हापासून तळमजल्यावरच्या काकूंनी टीव्ही इतका वर टांगलाय की त्यांच्याकडे मालिका बघायची तर जमिनीवर आडवंच व्हावं लागतं. बाबांनाही तेवढीच उंची हवी होती. आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. टीव्ही घ्यायचाच नाही म्हणणारा माणूस तो कुठे टांगायचा यावर इतका का भांडतो, हे आईने विचारलं तेव्हा ते पेपर वाचायला लागले.

रविवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. टीव्ही, फ्रिज, लग्नाचे कपडे, काहीही घ्यायचं म्हणजे उल्हासनगर, हे आमच्याकडे तीन पिढ्यांचं ठरलेलं. दुकानात पाऊल टाकलं आणि डोळे दिपले. भिंतभर टीव्ही आणि प्रत्येकात पोपट, स्ट्रॉबेरी, धबधबे. एक पोपट इतका हिरवा होता की आई म्हणाली, "याला काहीतरी झालंय." दुकानदार साठीचे सिंधी गृहस्थ, गल्ल्यावर बसून बडीशेप चघळत होते. त्यांचं मराठी आणि हिंदी एकमेकांच्या घरी येऊन-जाऊन असायचं.

"आओ साईं, बोला. भाभीजी, बसा ना. क्या दिखाऊं?"

"उखळ," बाबा म्हणाले.

दुकानदारांची बडीशेप तोंडातच राहिली. मी सगळं समजावलं. पेनड्राइव्ह बघून ते जरा कुरकुरले, व्हायरस वगैरे म्हणाले, पण आईकडे बघून त्यांनी हात केला. सेल्समनने तीन टीव्ही शेजारी शेजारी लावून दिले. एक साधा, एक आमच्या खिशाला परवडेल असा फोर-के, आणि एक असा, की ज्याच्याकडे आम्ही नुसतं बघायला आलो होतो. बाबांनी सुतळी काढली. एक टोक सेल्समनला टीव्हीपाशी धरायला दिलं, दुसरं स्वतःच्या नाकाला लावलं आणि तिथे आईला उभं केलं. वॉशिंग मशीन घ्यायला आलेलं एक नवीन जोडपं वॉशिंग मशीन सोडून आमच्याकडे बघायला लागलं.

आधी साध्यावर लावला. चिखल. मग फोर-केवर लावला.

चिखल.

मी म्हटलं, थांबा, सेटिंग. पिक्चर मोड बदलला. चिखल जरा पिवळा झाला. लाल झगा म्हणजे टोमॅटोचा ठेचा, मुलाला तोंडच नाही. मग महागड्यावर लावला, तर तोच चिखल जास्त झळाळीने. आई सुतळीच्या टोकाशी उभी होती. ती सुतळी सोडून पुढे गेली, अगदी नाक लावेपर्यंत पुढे गेली. करडा ठिपका आता करडं भगदाड झाला होता.

"सिद्ध झालं," बाबा म्हणाले. ते खूश झाले होते आणि त्यांना ते लपवता आलं नाही, याचा मला आजही राग आहे. "तिन्ही सारखे. नो-गो."

"अंकल, अपना डेमो तो देखो," सेल्समन म्हणाला आणि पुन्हा पोपट लावला. पोपटाची पिसं एकेक मोजता येत होती. पोपट दिसतो आणि आजीचं घर दिसत नाही, हे काय गौडबंगाल?

रिक्षात आई म्हणाली, "जाऊ दे ग. आहे तो टीव्ही चालतोय की." इतकं सरळ, इतकं शांत. मला ओरडून रडावंसं वाटलं.

घरी आलो, तर मामेभावाचा फोन. "काय ताई, घेतला का? आत्याला दिसलं?"

"शेण दिसलं," मी म्हटलं.

"असं कसं? मी फोर-केमध्ये शूट केलंय. तू कुठला लावलास?"

"तूच ग्रुपवर टाकलेला. तोच पेनड्राइव्हवर घेतला."

मग तो असा हसायला लागला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं ताई! व्हॉट्सॲपवरचा? तो पाठवतानाच दाबून बारीक करून पाठवतात. रसवंतीतून रस दुसरेच पिऊन गेले आणि तू चोथा घेऊन दुकानात गेलीस!"

तीन आठवडे मी पॅनेल, पिक्सेल, उजेड यांचे वर्ग घेतले आणि परीक्षेला चोथा घेऊन गेले. मी जमिनीवर बसले आणि मलाही हसू आवरेना. बाबा स्वयंपाकघरातून विचारत होते, काय झालं, काय झालं. त्यांना सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले. "म्हणजे नमुनाच खराब होता," ते म्हणाले. "खराब नमुन्यावर निकाल देत नसतात. फेरतपासणी." तपासणी खात्याचा माणूस आईसाठी जेवढा हळवा होऊ शकतो, तेवढा त्या एका शब्दात झाला.

"मी परत एवढं उभी राहणार नाही," आई म्हणाली. पण म्हणता म्हणता उद्याची साडी कपाटातून काढून ठेवली.

मामेभाऊ मूळ फाईल घेऊन स्वतःच आला. आधी त्याने त्या लाल झग्यातल्या मुलीला फोन करून विचारलं होतं, आमच्या आत्याला तुमचा व्हिडिओ दाखवू का. ती म्हणाली, दाखवा, फक्त एडिट होईपर्यंत कुठे टाकू नका. आईने लगेच विचारलं, "पुन्हा ड्रोन सोडून जरा जवळून नाय काढता येणार?" तो म्हणाला, "आत्या, डोंगरात पाऊस सुरू झाला. परवाच बघून आलो. जोतं गेलं पाण्याखाली." आईने नुसती मान हलवली आणि पदर खोचला.

दुकानदारांनी आम्हाला पाहिलं आणि हात जोडले. "फिर उखळ?"

"फिर उखळ," मी म्हटलं.

पुन्हा सुतळी. पुन्हा सेल्समन एका टोकाला. या वेळी थेट आमच्या खिशाला परवडणारा फोर-के. चित्र आधी जरा अडखळलं, मग सुरू झालं, आणि देवाशपथ सांगते, मी किंचाळले. मातीतली भेग न् भेग. झग्यावरची टिकली न् टिकली. मुलाच्या बुटाची सुटलेली नाडी. आणि मागे जोतं, चारही बाजू, ओळीने बसवलेले दगड.

"ही ओटी," आई म्हणाली. मग भराभर, "ही माजघराची भिंत. ही चूल, बघ, काळं हाय अजून. हा गोठा." तिचा हात हवेत घरातून फिरत होता. "आणि मागं पडवी, पडवीत..."

पडवीच्या नेमकं पुढे मुलगी उभी. झगा फुललेला, हात पसरलेले, मान मागे.

"बाजूला हो ग बाई!" आई ओरडली. "अगं सरक की! घरात शिरून मधेच काय उभी राहिलीस!"

आमच्यामागे वॉशिंग मशिनवाले आज नव्हते, पण कूलरवालं एक कुटुंब होतं, तेही ओरडायला लागलं. "अरे हटो ना मॅडम!" सेल्समन हसून हसून सुतळी सोडून बसला. मुलगी काही हटेना. मुलाने तिला गरकन फिरवलं आणि ती पुन्हा तिथेच. ग्रुपवरचे चौदा सेकंद संपले, पण ही मूळ फाईल होती, पुढेही चालू राहिली. शूट संपलं होतं. मुलाने तिचा हात सोडून मोबाईल काढला. मामेभाऊ ड्रोन खाली आणत होता आणि कॅमेरा बंद करायला विसरला होता, म्हणून चित्र हळूहळू जमिनीजवळ येत होतं.

मुलगी दोन्ही हातांनी झगा उचलून निघाली. झगा कशात तरी अडकला. तिने मागे वळून ओढला, तोल गेला, आणि सावरताना तिचा पाय एका दगडाला लागला. गोल दगड, मधोमध गोल खोल खड्डा, खड्ड्यात जरासं पाणी.

"हेच," आई म्हणाली. आता ती अजिबात ओरडली नाही.

मुलीने खाली बघितलं. तिला ते काय आहे हे कळलं असावं. पाय लागला म्हणून ती तिथल्या तिथे वाकली, बोटं उखळाच्या काठाला लावली आणि कपाळाला लावली. कोणी बघत नव्हतं. मुलगा मोबाईलमध्ये होता. ती झगा सावरत निघून गेली. मग चित्रात नुसती माती आली आणि संपलं.

मला डेंग्यू झाल्यामुळे आईला जो नमस्कार करता आला नव्हता, तो एका अनोळखी मुलीने झगा सावरत चार सेकंदांत करून टाकला होता. आईने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

दुकानदार गल्ल्यावरून कधी उठून आले होते ते कळलंच नाही. "हमारे बाबा का घर भी उधर सिंध में रह गया, भाभीजी," ते म्हणाले. "बोलायचे, दारात लिंबाचं झाड आहे. आपका तो दिख गया." एवढं बोलून ते परत जागेवर जाऊन बसले आणि सेल्समनला म्हणाले, भिंतीवर टीव्ही टांगायची पट्टी यांना फुकट दे.

बाबांनी सुतळी गुंडाळली, खिशात ठेवली. "गो," ते म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून खाकरून पुन्हा म्हणाले, "गो."

टीव्ही आला, भिंतीवर लागला, पुराच्या हिशेबाने चार बोटं उंचच. आता तो स्वस्तातला फोर-के घ्यावा का, असं मला कोणी विचारलं तर खरं सांगते. केबलवरची मालिका त्याच्यावर धुकट दिसते. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. रात्रीच्या दृश्यात काळा रंग राखाडी दिसतोच. बाबा रोज एक नवीन दोष शोधून वहीत लिहितात आणि क्रिकेट असलं की वही उशीखाली ठेवतात. मी कोणालाही हो किंवा नाही म्हणत नाही. मी म्हणते, आधी काय बघायचंय ते ठरवा आणि मूळ फाईल घेऊन जा.

टीव्ही आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर आईने जमिनीवर पाट मांडला होता. पाटावर हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी. मला वाटलं टीव्हीची पूजा. आमच्याकडे काहीही होऊ शकतं.

"त्या पोरीची ओटी," आई म्हणाली. "तुझ्या मामेभावाला सांग, तिला नेऊन दे. माझ्या माहेरच्या दारात आली, पाया पडली, आणि मी तिला बाजूला हो बाजूला हो म्हणून ओरडले. रिकाम्या हाताने कशी पाठवू?"

मी पिशवी आणून धरली. आईने खण ठेवला, नारळ ठेवला, मग डब्यातून तांदूळ घेऊन पाच मुठी मोजून घातल्या. शेवटची मूठ तिने जरा वेळ हातातच धरली.

"पाकिटातले आहेत," ती म्हणाली. "तिला सांगायला सांग. घरचे सडून दिले असते, पण उखळ आता पाण्यात हाय."